परवान्याआधीची तेहतीस वर्षे

अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन. एक बाजाराचे, दुसरे रेल्वेचे. रेल्वेचे चांदूर भुसावळ-नागपूर मार्गावर, बडनेरा आणि धामणगावच्या मधे आहे. हा मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी, कंपनीने घातला आणि १८६७ मध्ये तो नागपूरला पोहोचला. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या गोदीत नेऊन टाकायची घाई कंपनीला होती, सरकारला होती आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना तर सगळ्यांत जास्त होती. तरीही रूळ टाकून झाले म्हणून गाडी सोडली, असे चालत नसे. खासगी कंपन्यांच्या कामावर लक्ष ठेवायला सरकारने सल्लागार अभियंते नेमले होते. पूल, भराव, रूळ त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय काम पुरे झाले असे मानले जात नसे.

ही पद्धत पुढे कायद्यात आली. १८८३ मध्ये या तपासनीसांना कायदेशीर स्थान मिळाले. १९०५ मध्ये रेल्वे बोर्ड स्थापन झाले आणि तपासनीस त्याच्या हाताखाली गेले. इथे गोम होती. जे बोर्ड रेल्वे चालवते, त्याच्याच नोकराने त्या रेल्वेत खोट काढायची! हे बरे नाही, हे कळायला आणि मान्य व्हायला पस्तीसेक वर्षे गेली. १९३९ मध्ये ब्रिटनच्या रेल्वेचे मुख्य तपासणी अधिकारी कर्नल माउंट यांच्या समितीने तपासणीखाते वेगळे काढा असे सांगितले आणि १९४१ मध्ये ते रेल्वे बोर्डाकडून काढून त्या वेळच्या ‘पोस्ट व हवाई’ खात्याला जोडले गेले. स्वातंत्र्यानंतर, १९६७ मध्ये, ते पर्यटन व नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आले. आज चांदूरवरून जाणाऱ्या मार्गालगत नवी लाइन टाकली, तर तिच्यावर प्रवासी गाडी सोडण्याआधी तपासणी करणारा रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाचा माणूस नसतो. तो विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतो. रोज या मार्गाने जाणाऱ्या हजारो लोकांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असेल.

बांधणारा एक आणि पास करणारा दुसरा, ही रेल्वेला कळलेली गोष्ट विमानतळांना कळायला आणखी बराच वेळ लागला. त्या उशिराची एक गोष्ट चांदूर रेल्वेच्या जवळजवळ थेट पश्चिमेला, आकाशमार्गे पंचवीसेक किलोमीटरवर घडली. ती अमरावतीच्या बेलोरा विमानतळाची.

बेलोऱ्याची धावपट्टी १९९२ मध्ये बांधून झाली. तिच्यावर तिकीट काढलेल्या प्रवाशांची पहिली नियमित सेवा सुरू झाली १६ एप्रिल २०२५ रोजी. मधल्या तेहतीस वर्षांत निधी, जमीन, सत्तांतर, यंत्रणांची अदलाबदल असे सगळे झाले. वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या आल्या, सभांमध्ये आश्वासने झाली. पण कायद्याच्या दृष्टीने या सगळ्या काळात बेलोऱ्याला एकच गोष्ट नव्हती: सार्वजनिक वापराचा विमानतळ म्हणून परवाना. तो देण्याचा अधिकार मुख्यमंत्र्यांना नाही, पालकमंत्र्यांना नाही आणि बांधकाम खात्याला तर नाहीच. तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा.

या अधिकाराची मुळे बरीच जुनी आहेत. हिंदुस्थानात आकाशासाठीचा पहिला कायदा १९११ सालचा. त्या वर्षी १८ फेब्रुवारीला अलाहाबादच्या प्रदर्शनातून आंरी पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने साडेसहा हजारांच्या आसपास पत्रे घेऊन यमुनेपलीकडच्या नैनीपर्यंत उड्डाण केले. जगातले हे पहिले अधिकृत हवाई टपाल मानले जाते. त्याच वर्षी ‘इंडियन एअरशिप्स अॅक्ट’ आला. विमाने कोणी बनवावीत, बाळगावीत, विकावीत, आणावीत, यावर सरकारचा ताबा असावा एवढाच त्याचा हेतू. विमान उतरायचे कुठे, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या मनात नव्हता. मोकळे मैदान दिसले की विमान उतरत असे.

तो प्रश्न उभा राहिला तो वेळापत्रक आल्यावर. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन उतरले आणि ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी विमान येणे सुरू झाले. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलात जाई, तेव्हा सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवावा लागे. नियमित सेवेला नियमित जागा हवी आणि ती जागा बाराही महिने भरवशाची हवी. दोन वर्षांनी, १९३४ मध्ये, विमान कायदा झाला. विमानतळांचे परवाने, तपासणी आणि नियमन यांबद्दल नियम करण्याचा अधिकार त्याने केंद्र सरकारला दिला. १९३७ मध्ये नियमावली आली. तिचा अकरावा भाग विमानतळांचा आणि त्यातला अठ्ठ्याहत्तरावा नियम परवान्याचा. नियमित प्रवासी सेवा चालवायची, तर ज्या जागेवर विमान उतरणार ती परवानाप्राप्त हवी, हे तत्त्व तिथून आले.

वऱ्हाडात पहिली मोठी धावपट्टी आली ती युद्धाच्या काळात. अकोल्याजवळ शिवणीला सार्वजनिक बांधकाम खात्याने १९४३ मध्ये विमानतळ बांधला. त्याआधी तीन वर्षे गोंदियाजवळ बिरसीची धावपट्टी युद्धाच्या गरजेपोटी तयार झाली होती. अशा पट्ट्या देशभर झाल्या. त्यांना परवाना कोण विचारणार? बांधणारे सरकार, वापरणारे सरकार. युद्ध संपले, इंग्रज गेले, पण सरकारच्या मालकीची जागा म्हणजे आपोआप मान्य जागा, ही समजूत राहिली.

याच काळात शिकागोत जग नवे नियम लिहीत होते. १९४४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बावन्न देशांचे प्रतिनिधी तिथे जमले आणि आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा करार झाला. भारतीय शिष्टमंडळात सर गुरुनाथ बेवूर होते. दिल्लीतल्या ज्या ‘पोस्ट व हवाई’ खात्याला तीन वर्षांपूर्वी रेल्वेचे तपासनीस जोडले गेले होते, त्याच खात्याचे ते सचिव. त्या करारातून ‘इकाओ’ ही संस्था निघाली आणि १९५१ मध्ये तिने विमानतळांसाठी चौदावे परिशिष्ट मंजूर केले. धावपट्टी किती रुंद, तिच्या कडेला किती मोकळी जागा, दिवे कोणत्या रंगाचे, अग्निशमनाची गाडी किती वेळात पोहोचली पाहिजे, हे सगळे त्यात आहे. बेलोऱ्याच्या धावपट्टीवर आज जे पांढरे पट्टे रंगवलेले आहेत, त्यांची मापे तिथून आलेली आहेत.

नागपूरने मात्र या काळात देशाला एक सुंदर व्यवस्था दाखवली. जानेवारी १९४९ पासून रोज रात्री दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून चार विमाने टपाल घेऊन निघत, मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटे आपापल्या गावी परतत. ही सेवा १९७३ पर्यंत चालली. सोनेगावचा विमानतळ तेव्हा ज्या नागरी विमान वाहतूक खात्याच्या ताब्यात होता, तेच खाते देशातल्या विमान वाहतुकीवर देखरेखही करत होते.

मालक आणि तपासनीस एकाच छपराखाली असण्याची ही स्थिती भारतात बराच काळ टिकली. १९७२ मध्ये मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास हे चार आंतरराष्ट्रीय विमानतळ वेगळ्या प्राधिकरणाकडे गेले. देशांतर्गत विमानतळांसाठी राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण झाले १९८६ मध्ये. १ एप्रिल १९९५ रोजी दोन्ही मिळून आजचे भारतीय विमानतळ प्राधिकरण तयार झाले. आता डीजीसीएकडे चालवायला विमानतळ नव्हते आणि तपासायला मोकळीक होती. तरी सरकारी विमानतळांना परवाना घेण्याची सक्ती नव्हती. ती आली बाहेरून. आंतरराष्ट्रीय विमानतळांना रीतसर प्रमाणपत्र असलेच पाहिजे, असे इकाओने २७ नोव्हेंबर २००३ पासून बंधनकारक केले. त्यानंतर भारताच्या १९३७ च्या नियमांतला अकरावा भाग नव्याने लिहिला गेला आणि प्राधिकरणाच्या स्वतःच्या विमानतळांनाही डीजीसीएच्या दारात अर्ज घेऊन उभे राहावे लागले. रेल्वेने १९४१ मध्ये जे केले, ते विमानतळांनी साठ वर्षांनी केले. उशीर झाला, पण झाले ते योग्यच झाले. मालकाचा शब्द आणि प्रवाशाचा जीव यांच्यामध्ये तिसरा माणूस हवाच.

बेलोऱ्याची धावपट्टी जन्माला आली ती नेमकी या दोन काळांच्या सांध्यावर. १९९२ मध्ये राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने ती बांधली, ती जुन्या समजुतीने. जिल्ह्याच्या ठिकाणी एक पट्टी असावी, मंत्र्यांचे विमान उतरावे, अडीअडचणीला उपयोग व्हावा. त्या कामापुरती ती पुरेशी होती. पुढे ती महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे, म्हणजे एमआयडीसीकडे गेली, नंतर महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे, म्हणजे एमएडीसीकडे आली. हात बदलले, फलक बदलले. पण या तीन संस्थांपैकी कोणाच्याही ताब्यात असताना नुसत्या मालकीच्या बळावर तिथे तिकिटाचे विमान उतरू शकत नव्हते. आणि पुढच्या काळात तर परवान्याच्या अटी आणखी कडक होत गेल्या. १९९२ च्या मापाने शिवलेला अंगरखा २०२५ च्या अंगाला बसणार नव्हता.

आधी लांबीचे पाहू, कारण वऱ्हाडच्या उन्हाचा आणि परवान्याचा संबंध इथे येतो. केंद्र सरकारच्या उडान योजनेत छोट्या गावांना जोडणारे विमान म्हणजे बहुतेक वेळा एटीआर ७२. पंख्याचे, सत्तरएक जणांचे. हे विमान पूर्ण भरले असताना समुद्रकाठच्या, थंड हवेच्या ठिकाणी उडायला सुमारे १३०० मीटर धावपट्टी मागते. पण हवा तापली की विरळ होते आणि पंखांना उचल कमी मिळते. इकाओचा ढोबळ हिशेब असा, की समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला धावपट्टी सात टक्के वाढवा आणि प्रमाण तापमानाच्या वर जितके अंश असतील तितके टक्के आणखी वाढवा. यासाठी धरायचे तापमान म्हणजे सर्वांत उष्ण महिन्यातल्या रोजच्या कमाल तापमानाची सरासरी. अमरावतीची उंची साडेतीनशे मीटरच्या आसपास आणि मे महिन्यातली दुपार बेचाळीस अंशांची. म्हणजे उंचीचे आठ टक्के, उन्हाचे एकोणतीस-तीस टक्के. हिशेब केला तर १३०० चे अठराशेच्या घरात जातात. बेलोऱ्याची आजची धावपट्टी १८५० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद आहे. इतक्या लांबीची गरज काय, असा प्रश्न कोणाला पडला, तर त्याचे उत्तर वऱ्हाडातला प्रत्येक शेतकरी मे महिन्यात बांधावर उभा राहून अनुभवतो.

धावपट्टी वाढवायची म्हणजे जमीन हवी. जमीन म्हणजे कोणाची तरी कपाशी, कोणाची तूर, कोणाचा वडिलोपार्जित हिस्सा. बेलोऱ्यात वर्षे गेली ती मुख्यतः इथे. आणि डांबराची पट्टी संपते तिथे जमिनीची गरज संपत नाही, हे लोकांना सहज पटत नाही. पट्टीच्या टोकापुढे साठ मीटरपर्यंत सपाट केलेला भाग लागतो आणि त्याच्याही पुढे ‘रेसा’ नावाचे सुरक्षा क्षेत्र लागते. कमीत कमी ९० मीटर, शिफारस २४० मीटरची. विमान थांबले नाही, पट्टीबाहेर गेले, तर त्याला रुतून थांबायला ही जागा. तिच्यावर काही बांधायचे नाही, कडक अडथळा ठेवायचा नाही. एरवी ही जागा रिकामी पडलेली दिसते आणि ‘सरकारने उगाच शेत घेतले’ असे वाटू शकते.

तिची किंमत २२ मे २०१० रोजी मंगळूरला कळली. एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवर फार पुढे टेकले, पट्टी संपली, पुढचे ९० मीटरही संपले, विमान दिशादर्शक यंत्राच्या काँक्रीटच्या बांधकामावर आदळले आणि दरीत गेले. १६६ जणांपैकी १५८ गेले. चूक वैमानिकाकडून सुरू झाली होती. पण चूक पोटात घालायला जमीन किती उरली, हा प्रश्न त्या दिवसापासून देशातल्या प्रत्येक परवान्याच्या तपासणीत जास्त गांभीर्याने विचारला जाऊ लागला.

आता अडथळे. विमानतळाभोवती आकाशात कल्पित उतार आखलेले असतात. धावपट्टीच्या टोकापासून ते बाहेर आणि वर चढत जातात. त्या उतारांना छेदणारी इमारत, मनोरा, विजेचा खांब, झाड, काहीही चालत नाही. उंचीवरच्या मर्यादांचे स्वतंत्र नियम २०१५ मध्ये आले आणि शहरांसाठी कुठे किती उंच बांधता येईल हे दाखवणारे रंगीत नकाशे झाले. महाराष्ट्रात याचे सर्वांत बोलके उदाहरण सोलापूरचे. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या वाटेत सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी उभी होती, सुमारे ९० मीटर उंचीची. कारखाना शेतकऱ्यांचा, सहकारी. विमानसेवा शहराची मागणी. वाद वर्षानुवर्षे चालला, न्यायालयात गेला. अखेर १५ जून २०२३ रोजी ती चिमणी काही क्षणांत जमीनदोस्त करण्यात आली आणि पुढे ९ जून २०२५ रोजी सोलापूरहून गोव्याला विमान उडाले. शेतकरी सभासदांचे नुकसान झाले, हे खरे. विमानतळाच्या जवळ ती उंची उभी राहू देणे हीच मूळ चूक होती, हेही तितकेच खरे. परवानगी देणारी कार्यालये आधी एकमेकांशी बोलली असती, तर पाडण्याची वेळ आली नसती.

दुसरे उदाहरण सिंधुदुर्गचे. चिपी विमानतळाच्या टर्मिनलचे उद्घाटन मार्च २०१९ मध्ये झाले. फीत कापली गेली, भाषणे झाली. प्रवासी विमान आले ९ ऑक्टोबर २०२१ रोजी. मधली अडीच वर्षे तपासण्या, त्रुटी, दुरुस्त्या, पुन्हा तपासण्या यांत गेली. कोकणातल्या लोकांना वाटले आपली फसवणूक झाली. खरे तर डीजीसीएने आपले काम केले होते. चूक झाली ती परवान्याआधी फीत कापण्यात. बेलोऱ्यात हे उलटे घडले आणि म्हणून त्याची नोंद घ्यायला हवी. तिथे परवाना आधी हाती आला, उद्घाटन त्यानंतर झाले.

तपासणीला येणारे अधिकारी काय पाहतात? कागद पाहतात, पण तेवढेच नाही. अर्जदाराने ‘एरोड्रोम मॅन्युअल’ लिहिलेले असावे लागते. विमानतळाचा प्रत्येक इंच, प्रत्येक दिवा, प्रत्येक माणसाची जबाबदारी त्यात असते. मग ते जागेवर पडताळायचे. पट्टीच्या एका कडेला चार दिव्यांची ओळ असते, तिला पॅपी म्हणतात. उतरणारा वैमानिक योग्य उतारावर असेल, तर त्याला त्या चारांतले दोन पांढरे आणि दोन लाल दिसतात. जास्त उंचावर असेल तर चारही पांढरे. चारही लाल दिसले, तर तो जमिनीला फार लवकर भिडणार आहे. दिवा नुसता पेटला म्हणून भागत नाही. प्रत्येकाचा कोन ठरलेला असतो आणि शेजारच्या दोन दिव्यांच्या कोनांतला फरक अंशाच्या लहानशा भागाएवढा. तो बरोबर आहे की नाही, हे जमिनीवरून ठरत नाही. विमानतळ प्राधिकरणाचे खास विमान येते, पट्टीवर पुनःपुन्हा घिरट्या घालते आणि आकाशातून मोजते.

अग्निशमनाची गाडी दाखवायला उभी नसते. घंटा वाजल्यापासून धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला पोहोचून फवारा सुरू करायला तिला तीन मिनिटांपेक्षा जास्त लागता कामा नये. उद्दिष्ट दोन मिनिटांचे. गाडी किती मोठी आणि पाणी किती, हे तिथे येणाऱ्या विमानाच्या लांबीवरून ठरते. कुंपणही तपासले जाते. वऱ्हाडात रोह्यांचे कळप आणि रानडुकरे काय करतात, हे सोयाबीन पेरणाऱ्याला सांगायला नको. ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने टेकणाऱ्या विमानासमोर एक रोही आले तर काय होईल, याचा विचार करूनच विमानतळाची भिंत बांधावी लागते, आणि भिंतीखालचा नाला जिथून बाहेर पडतो तिथली जाळीसुद्धा पाहावी लागते.

याशिवाय विमानतळाची सुरक्षा नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो तपासतो, आकाशातल्या वाहतुकीचे काम कोण पाहणार ते ठरावे लागते, हवामानाची नोंद हवी, विमा हवा. परवाना कोणाला मिळू शकतो, हेही नियमांत सांगितले आहे: भारतीय नागरिक, भारतात नोंदलेली कंपनी, केंद्र किंवा राज्य सरकार, त्यांची महामंडळे, नोंदणीकृत संस्था. बेलोऱ्यात ती जबाबदारी एमएडीसीची, आणि तिथे काही वाकडे झाले तर जाब तिलाच विचारला जाणार.

हे सगळे होत असताना कायदाही बदलला. नव्वद वर्षांचा विमान कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. त्याआधी २०२० च्या दुरुस्तीने डीजीसीएला स्वतंत्र कायदेशीर दर्जा मिळाला होता. १९३७ चे नियम मात्र नव्या कायद्याखालीही चालू राहिले. नव्या कायद्याच्या पहिल्याच वर्षात बेलोरा विमानतळ देशाच्या नकाशावर आला.

१६ एप्रिल २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस, उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि अजित पवार, केंद्रीय विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू, राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांच्या उपस्थितीत बेलोऱ्याचे उद्घाटन झाले. मुंबईहून अलायन्स एअरचे एटीआर ७२ आले. नागपूर आणि गोंदियानंतर नियमित प्रवासी विमान उतरणारे हे विदर्भातले तिसरे ठिकाण. उडान योजनेची पहिली विमाने महाराष्ट्रात नांदेडला २७ एप्रिल २०१७ रोजी उतरली होती. अमरावतीला त्यानंतर आठ वर्षे थांबावे लागले. चांदूर, धामणगाव, मोर्शी, दर्यापूरच्या माणसाला मुंबईचे विमान पकडायला आता नागपूर गाठावे लागत नाही. एअर इंडियाने वैमानिक प्रशिक्षणासाठीही बेलोरा निवडले आहे. चौतीस विमानांची आणि वर्षाला १८० वैमानिक घडवण्याची ती योजना, आणि शिकाऊ वैमानिकाला नियम पाळणारी धावपट्टीच लागते.

सुरुवातीला रात्री उतरण्याची सोय बेलोऱ्यात नव्हती आणि त्यावरून तक्रारी झाल्या. छोट्या विमानतळांना पहिला परवाना बहुधा दिवसाउजेडी, नजरेने दिसेल अशा हवेत उतरण्यापुरता मिळतो. धुके असले, ढग खाली असले, तर विमान रद्द होते आणि प्रवासी चिडतात. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण परवान्यात न लिहिलेल्या वेळी विमान उतरवणे हा त्यावरचा उपाय नाही. दिवे, उपकरणे आणि माणसे वाढवून परवान्याचा वर्ग वाढवून घेणे हाच उपाय आहे, आणि त्यासाठी पैसा लागतो. इमारतीच्या काचांवर जितका खर्च होतो, तितक्याच तत्परतेने तो इथे व्हायला हवा.

परवाना मिळाल्यावर काम संपले असे होत नाही, आणि ते काम फक्त विमानतळाच्या भिंतीआत नाही. १९३७ च्या नियमांतला नियम ९१ सांगतो की विमानतळाच्या मध्यबिंदूपासून दहा किलोमीटरच्या आत जनावरे कापणे, सोलणे, कचरा किंवा घाण टाकणे, पक्षी गोळा होतील असे काहीही करणे मना आहे. बेलोऱ्यापासून दहा किलोमीटरच्या वर्तुळात बडनेरा येते. म्हणजे महापालिका, आसपासच्या ग्रामपंचायती, मांसविक्रेते, हॉटेलवाले यांना हा नियम लागू आहे. घार इंजिनात गेली तर विमान कोणत्या पक्षाच्या सरकारने आणले, हे विचारत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने विमानतळाभोवती वैमानिकाला दिपवणाऱ्या दिव्यांवरच्या बंदीची मर्यादाही वाढवली: आधी पाच किलोमीटर होती, आता पाच सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर. लग्नाच्या वरातीतला लेझर, आकाशात सोडलेला कंदील, दोन्ही त्यात येतात. शेतात फवारणीला ड्रोन वापरणाऱ्यांनीही २०२१ चे ड्रोन नियम आणि ड्रोनच्या नकाशात आपले गाव कोणत्या रंगाच्या पट्ट्यात येते, ते पाहून ठेवावे. चांदूर रेल्वे या वर्तुळांबाहेर आहे. बडनेरा आणि बेलोऱ्याच्या आसपासची गावे नाहीत.

अकोल्याला शिवणीची धावपट्टी बेलोऱ्याआधी जवळजवळ पन्नास वर्षे झाली. तिथे आजही नियमित प्रवासी सेवा नाही. धावपट्टी वाढवायला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन हवी होती, आणि जमिनीवरून प्रश्न वर्षानुवर्षे अडून राहिला. अकोलेकरांनी पुढच्या वेळी कोणी विमानाची तारीख जाहीर केली, की त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. जमीन ताब्यात आली का? धावपट्टीची लांबी कोणत्या विमानासाठी आणि किती अंश तापमानासाठी धरली आहे? आणि परवान्याचा अर्ज कोणाच्या नावाने, कोणत्या वर्गासाठी डीजीसीएकडे गेला आहे? या तिन्हींची उत्तरे कागदावर मागून घ्यावीत आणि तोवर फीत कापू देऊ नये.